ईपीए पीएमएफ ५.० – ८ महिने नदीच्या गाळावर वापरल्यावर

ईपीए पीएमएफ म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा (ईपीए) प्रोग्रॅम, नमुन्यांमधल्या मूलद्रव्यांचे आकडे दिले की ते कुठल्या कुठल्या स्रोतांच्या मिश्रणातून आले असतील हे तो गणिताने वेगळं काढतो. ऑगस्टपासून वापरतोय, ८ महिने झाले, त्यातले पहिले २ तर मी चुकीचंच वापरत होतो हे आधीच कबूल करून टाकतो.

काम असं की आमची विश्वामित्री पावागडावरून निघते, मैदान ओलांडून बडोद्यातून जाते, तर तिच्या गाळात पावागडचा बेसाल्ट-ऱ्हायोलाइट किती, मैदानातला जुना गाळ किती आणि शहराने घातलेली भर किती हे वेगळं काढायचं. आई म्हणाली, "नदी एक, चिखल एक, त्याचे भाग कसले पाडतोस?" तेव्हा हसलो, पण तिचा प्रश्न पुढे चांगलाच नडला.

सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं, दिसायला जुनाट. मूळ पद्धत फिनलंडच्या पाटेरो आणि टॅपर यांची, १९९४ची, आणि हा प्रोग्रॅम मुळात हवेतल्या धुळीसाठी केलेला, गाळवाले आपण नंतर घुसलो. पीसीएपेक्षा (आकड्यांतले मुख्य कल शोधायची नेहमीची पद्धत) मला आवडलं ते म्हणजे यात काही वजा येत नाही (पीसीएत माझ्याकडे 'वजा बेसाल्ट' निघायचा, गाइडना काय सांगणार), आणि प्रत्येक आकड्याला त्याची स्वतःची अनिश्चितता देता येते.

पण तिथेच लोक माती खातात. मी सगळ्याला सरसकट १०% लावून मोकळा झालो आणि लॅबने नुसतं 'बीडीएल' (म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेपेक्षा कमी) लिहिलं होतं तिथे शून्य भरलं. ही मर्यादा, म्हणजे डिटेक्शन लिमिट, मागायला लॅबला चार वेळा फोन करावा लागला, ती रिपोर्टबरोबर का देत नाहीत देव जाणे. लिमिटखालच्या आकड्याला अनिश्चितता लिमिटच्या ५/६ धरायची, हे मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय, वाचलं कोणी! झिर्कोनियमचा घोळ वेगळाच, झिरकॉन ॲसिडमध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे आकडा कमी येतो. आधी 'वीक' केलं (म्हणजे अनिश्चितता तिप्पट), शेवटी काढूनच टाकलं.

फॅक्टर (म्हणजे प्रोग्रॅम पाडतो ते एकत्र वरखाली होणाऱ्या मूलद्रव्यांचे गट) किती हे प्रोग्रॅम सांगत नाही, तुम्ही ठरवायचं. वाढवत गेलं की क्यू (मॉडेल आणि खऱ्या आकड्यांतला फरक) कमी होणारच, त्याला भुलू नका. मी ५ घेतले, झिंकचा वेगळा फॅक्टर बघून खूश, डिपार्टमेंटमध्ये सेव-उसळ पण खाऊ घातली. मग १०० वेळा बूटस्ट्रॅप (नमुने पुन्हा पुन्हा वेगळे निवडून तेच गणित) चालवलं तर तो फॅक्टर ८०% वेळासुद्धा स्वतःशी जुळेना. खोदून बघितलं तर एका पुलाखालचे ३ नमुने, वरच्या रस्त्यावरून टायरची पूड वाहून येते, त्यात झिंक असतंच. ४वर आलो. बूटस्ट्रॅप आणि डिस्प (आकडे थोडे हलवून उत्तर टिकतं का बघणारी दुसरी तपासणी) न चालवता रिझल्ट दाखवणाऱ्यांवर मी आता विश्वास ठेवत नाही, स्वतःवरही नाही.

सगळ्यात मोठा धडा टायटॅनियम-लोह-व्हॅनेडियमवाल्या फॅक्टरने दिला. मी डोळे मिटून 'बेसाल्ट' नाव दिलं. पण तो वळणावळणावरच जास्त येत होता, आणि तिथे काळी वाळू साचते, मॅग्नेटाइट-इल्मेनाइट जड असतं म्हणून पाणी ते मागे टाकून जातं. म्हणजे मी दगड मोजत नव्हतो, पाण्याने केलेली निवड मोजत होतो. ६३ मायक्रॉनची चाळणी मारून फक्त बारीक गाळ पुन्हा दिला तेव्हा तो फॅक्टर बराच आटला. फॅक्टर म्हणजे सोर्स नव्हे, तो एखादी प्रक्रिया पण असू शकतो. म्हणून नंतर पावागडच्या पायथ्याचे आणि मैदानातले नमुने वेगळे आणले, ते आधीच आणायला हवे होते.

अजून एक खुपतं. गाळाचे आकडे शेवटी १००%ला बांधलेले, सिलिका वाढली की बाकीचे आपोआप खाली, आणि मग नसलेली नाती दिसायला लागतात, संख्याशास्त्रज्ञ पिअर्सनने हे १८९७लाच सांगितलं होतं. त्यावर उपाय म्हणून लॉग-रेशो (आकड्यांच्या गुणोत्तरांचा लॉगरिदम) केलं की वजा आकडे येतात आणि ते पीएमएफला चालत नाहीत. मी दोन्ही शेजारी शेजारी करतो, आधी लॉग-रेशोचा बायप्लॉट (नमुने आणि मूलद्रव्यं एकाच आलेखात), मग पीएमएफ, जे दोन्हीकडे दिसतं तेवढंच लिहितो. सोर्सचे नमुने हातात असतील तर आर या संगणकभाषेतलं मिक्ससायार (MixSIAR) पॅकेज बघा, ते वाटा एका आकड्यात न देता रेंजमध्ये देतं, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

पावसाळ्याआधी अजून नमुने घ्यायचेत, पुलाखालून आता नको, काठावरूनच घ्यायचेत आणि काठावर मगरी. कोणाकडे लांब दांड्याचं सॅम्पलर पडून असेल तर सांगा.