जोबर्गमधलं (जोहान्सबर्ग) इथिओपियन हॉटेल, व्हेजवाल्यांनी नक्की जा

जेपी भागात आहे. बुधवार-शुक्रवार इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास, म्हणजे तेव्हा व्हेज थाळी हमखास. शिरो म्हणजे आपलं पिठलंच पण बर्बरे मसाला घातलेलं, इंजेरा म्हणजे आंबूस घावनासारखी पोळी, तिच्यावर वाढतात, हातानेच खायचं. कॉफी तर नादखुळा!

फक्त लवकर जा, परदेशी लोकांविरुद्ध दंगल होणार अशी नुसती अफवा आली तरी शटर डाऊन, आणि २००८ ला ६० च्या वर माणसं मेलीत म्हटल्यावर मालकाला तरी काय बोलणार. २०१९ ला परदेशी लोकांची दुकानं फोडली तेव्हा नायजेरियाने केपटाऊनच्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या परिषदेवरच बहिष्कार टाकला, आणि म्हणे या देशांना अख्ख्या आफ्रिकेचा एक बाजार करायचाय! आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांचा लोकांची ये-जा सोपी करायचा करार तर २००५ पासून धूळ खातोय.

पार्किंग बेकार. ४/५.