मुलींचा इनलाइन हॉकी क्लास, गंगापूर रोड : चार स्टार

नाशकात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. तरी गंगापूर रोडला एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर ताई मुलींना आइस हॉकीच्या धर्तीची हॉकी शिकवतात, एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवर. माझी धाकटी तिथे जाते.

मी अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, म्हणून नजर आधी चाकांवर. बेअरिंग साधं ६०८ नंबरचं, आतला व्यास ८ मिलिमीटर, आमच्या स्टोअरला डबे भरून असतात. ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दादा, नवे स्केट्स इतक्यात घेऊ नका, पोरीचा पाय वाढतोय." थोरल्यांना लहान झालेले बूट बेअरिंग साफ करून धाकट्यांना मिळतात. पालकांचा खर्च वाचवणारा कोच आमच्या भागात दुर्मीळच.

ताई पन्नाशीच्या पुढच्या, पण खेळणं सोडलेलं नाही. गोलकीपर आली नाही तर स्वतः पॅड बांधून गोलात. पोरी त्यांना गोल मारायला जीव टाकतात, तेवढ्यात निम्मं शिकणं होतं.

लेस बांधताना ताईंच्या आइस हॉकीच्या गप्पा चालतात. कॅनडाच्या फ्रॅन रायडर स्वतः खेळायच्या. १९७५ मध्ये ऑन्टारियोत महिला आइस हॉकीची संघटना उभी राहिली, त्यात त्या पुढे होत्या. १९८७ ला टोरांटो भागात महिलांची जागतिक स्पर्धा भरवली ती अधिकृत नव्हती, पण १९९० ला ओटावात अधिकृत झाली आणि १९९८ ला जपानच्या नागानोत थेट ऑलिम्पिक. आपला भारताचा महिला संघ, बहुतेक लडाखच्या मुलींचा, २०१६ ला पहिल्यांदा देशाबाहेर खेळला, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवलं, २०२५ ला आशिया चषकात कांस्य. कन्येला हे सगळं तोंडपाठ. इतिहासाच्या पेपरात मात्र काठावर पास.

सौ.ला दातांची काळजी होती. इथे जाळीच्या हेल्मेटशिवाय कोर्टवर पाऊल टाकू देत नाहीत, आणि मुद्दाम अंगावर आदळलं की बाहेर बसवतात.

एक स्टार कापला तो पावसाळ्यासाठी. कोर्ट ओलं, क्लास बंद, फी मात्र पूर्ण (महिना १,५०० रुपये). कपडे बदलायला खोलीही नाही, मोठ्या मुलींची पंचाईत होते.

रविवारी सकाळी ट्रायल फुकट आहे. जाड मोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाठवा.