हिरोक्वेस्ट: गावातच करायची की थेट पलीकडे जायचं?

रूनक्वेस्ट हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम 1978 पासून आहे, आणि त्यातल्या ग्लोरांथा जगात देवांची कथा स्वतः जगायची म्हणजे हिरोक्वेस्ट. ती दोन प्रकारे होते, एक इथल्याच जगात विधी म्हणून, दुसरी थेट पलीकडे, देवकाळात म्हणजे देवांच्या कथा जिथे घडतात तिथे जाऊन.

मला विचाराल तर खरी वाटायला पहिली सोपी पडते, कारण कथेतला शत्रू म्हणून शेजारच्या डोंगरातला ट्रोल राक्षसच समोर येतो, त्याच्या हातात खरा सोटा असतो, पायाखाली चिखल, मागे ढोल वाजवणारं अख्खं गाव, आणि मग खेळणारा एकदम म्हणतो अरे हा तर कथेतलाच प्रसंग चाललाय!

पलीकडची मोठी. वादळदेव ऑर्लांथने सूर्यदेव येल्मला मारलं आणि मग त्यालाच परत आणायला पाताळात गेला, ती लाइटब्रिंगर्सची (ऑर्लांथ आणि त्याच्या सोबत्यांची) वाट घ्यायची म्हटलं की बरेच जीएम, म्हणजे खेळ चालवणारे, धुकं, तरंगते डोंगर, रंगीत आकाश असं वर्णन करत बसतात आणि टेबलावर कुणालाच काही वाटत नाही. तिथे किंमत मोजायला लावा. आमच्यात एकीच्या कॅरॅक्टरने पाताळाच्या दारात स्वतःचं नाव देऊन टाकलं, पुढची तीन सेशन्स आम्ही तिला नुसतं ‘ए’ म्हणायचो, तेव्हा कुठे पाताळ अंगावर आलं.

नवीन ग्रुप असला की मी आधी तीच कथा गावात खेळवतो, म्हणजे पलीकडे गेल्यावर काही वेगळं घडलं की पोरांना लगेच कळतं.