हुरड्याच्या तंबूंची भरपाई आणि माझे ५५,६१० रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, दुकानाचा जीएसटी स्वतः भरतो. लिहायला लाज वाटतेय, पण पुराच्या भरपाईच्या नावाखाली मला फोनवरून फसवलं आणि सीना नदीकाठच्या आणखी दोघांना तोच फोन येऊन गेल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

डिसेंबर ते फेब्रुवारी नदीकाठच्या रानात हुरडा पार्टी आणि मुक्कामाला तंबू, एवढाच आमचा जोडधंदा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद पडला, हे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात तंबू घड्या घालून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो. बारा तंबू, गाद्या, जनरेटर, सगळं शेडसकट गेलं. पाणी उतरल्यावर एक तंबू बाभळीला अडकलेला सापडला. आत इतका गाळ, की चौघांना हलेना.

तलाठ्यांनी सोयाबीनचा पंचनामा केला. तंबूंचं विचारलं तर म्हणाले, "ते पिकात बसत नाही ओ." ७ ऑक्टोबरला सरकारचं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात दुकानदारांना ५० हजार होते. आमचे तंबू दुकानातही बसत नव्हते. नेमका तेव्हाच फोन आला. "तुमचा धंदा सीझनल आहे, दुकानात नाही बसणार. कॅम्पिंगवाल्यांना पर्यटनातून वेगळा निधी आहे. बारा तंबूंचे ४,८०,००० होतील." बारा हा आकडा याला कसा कळला? मीच तर वाहून गेलेल्या शेडचा फोटो, तंबूंची संख्या आणि मोबाइल नंबर फेसबुकवर टाकला होता. तुम्ही टाकू नका.

पहिली फाइल चार्ज २,३६०. म्हणजे २,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. लगेच पावती आली, आणि इथंच मी मेलो. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, हे मला झोपेत विचारा. पावतीवर ०९ होतं, उत्तर प्रदेशचं. मला दिसलं नाही असंही नाही. बायकोनं विचारल्यावर मीच म्हणालो, "हेड ऑफिस तिकडं असंल." पूरग्रस्ताला मदत देताना त्याच्याकडूनच जीएसटी घेतात का, हे बी.कॉम.वाल्याच्या डोक्यात आलं नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर कुठल्या खात्याचं नाही, एका बाईचं नाव आलं, तेही गिळलं. पैसे पाठवायच्या आधी ते नाव मोठ्यानं वाचा.

मग तपासणीचे १४,७५०. मग "निधीसोबत परत मिळणारी" अनामत ३८,५००. हे नव्या जनरेटरसाठी ठेवलेले होते. त्या संध्याकाळी फोन बंद.

तुम्ही हसाल. पण पूर खरा, पॅकेज खरं, पंचनामा खरा. मग एवढं एकच खोटं कसं ओळखायचं? घरातला गाळाचा वास जात नसताना माणूस पावतीवरचे आकडे तपासत बसत नाही.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "ओटीपी दिला नाही, पैसे स्वतः पाठवलेत, मग फसवणूक कसली?" त्यांनी सायबरकडे पाठवलं, सायबरवाल्यांनी बँकेत. बँकेतली मॅडम म्हणाली, अर्ज मुख्य शाखेत द्या. मुख्य शाखेत विचारलं, तक्रारीची पोलिसांची प्रत कुठंय? परत ठाण्यात गेलो, तर साहेब बंदोबस्ताला. तहसीलमध्ये एकानं उलट मलाच झापलं, शेतात तंबू लावायची परवानगी होती का म्हणून. चोर राहिला बाजूला, आरोपी मी! या सगळ्यात चार दिवस गेले आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला पाचव्या दिवशी. तुम्ही तो पहिल्या तासात लावा, ठाण्याची पायरी नंतर चढा. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, लिहून ठेवा, पहिला प्रश्न तोच येतो. समोरच्या खात्यात ३,११२ रुपये गोठवलेत म्हणे, तेही अजून हातात आले नाहीत.

परवा नवा फोन आला. "सर, सायबरमध्ये अडकलेले पैसे सोडवून देतो. फक्त १,१८० रुपये भरा." हजार आणि १८ टक्के.