बी हॉटेल घेतलं आणि आधी सँडपेपर शोधावा लागला

ऑनलाइन मागवलेलं लाकडी बी हॉटेल, म्हणजे मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्यांनी अंडी घालावीत म्हणून पोकळ नळ्या बसवलेली पेटी, तीन स्टार देतोय, त्यातले दोन माश्यांचे, कंपनीचा एकच. पहिलं म्हणजे बॉक्सवर पोळ्याचा फोटो आहे तो बघून मध मिळेल वगैरे समजू नका, पोळं करणाऱ्या मधमाश्या याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे एकेकट्या राहणाऱ्या माश्यांसाठी असतं, त्या बिचाऱ्या सहसा डंखही मारत नाहीत. आता प्रॉब्लेम. भोकांच्या तोंडाशी लाकडाची कुसळं तशीच, त्यात पंख फाटतात म्हणून अख्खा रविवार घासत बसलो. आणि नळ्या जेमतेम 8 सेंमी! 15 च्या आसपास पाहिजेत, कारण मादी होणारी अंडी आत खोलवर घालतात आणि नर पुढे, नळी तोकडी असली की नरच जास्त निघतात. वर टांगायला दोरी दिलीये, झोके घ्यायला?? मी सरळ स्क्रू मारून भिंतीला फिट केलं, सकाळचं ऊन येतं त्या बाजूला. तीन आठवडे शुकशुकाट, मग एक दिवस गुलाबाची पानं कडेने गोल गोल कातरलेली दिसली, आधी अळीला शिव्या घातल्या, तर ही पानं कातरणारी माशीबाई पानाचा तुकडा पोटाखाली धरून नळीत शिरतेय! आता चार नळ्या हिरव्या बुचाने बंद आहेत, रोज चहा घेऊन बघत उभा असतो. झाडांवर कीटकनाशक फवारत असाल तर मात्र घेऊच नका.