बदकाची पिल्लं घेतली आणि 'स्पेशल दाण्या'त फसले

आधीच सांगते, सगळं मिळून 1830 रुपयांची गोष्ट आहे, लाखांची नाही, त्यामुळे एवढ्याशासाठी एवढं लिहिलं का असं वाटणाऱ्यांनी सरळ पुढे जावं. पैसे गेले त्याचं काही नाही हो, तेवढे तर दिवाळीच्या फटाक्यात उडतात. पण चार पिल्लांपैकी दोन माझ्या हातून गेली आणि मी त्यांना जे खाऊ घालत होते ते 'स्पेशल' म्हणून दुप्पट पैसे देऊन आणलेलं होतं, ते काही डोक्यातून जात नाही.

झालं असं की यंदाच्या तान्ह्या पोळ्याला लेकीचा लाकडी बैल मस्त सजवला, बेगड लावली, झूल घातली, मिरवून आणला, बोजारा (घरोघरी पोरांना मिळणारे पैसे) घेऊन झाला, आणि रात्री बाईसाहेब म्हणाल्या, हा बैल हलत नाही, मला हलणारं काहीतरी पाहिजे. आमच्या ह्यांना कुत्र्या-मांजराच्या केसांनी शिंका येतात म्हणून ते आधीच बाद. तेवढ्यात एका ग्रुपवर मेसेज आला, 'खाकी कॅम्पबेल बदक पिल्ले, वर्षाला 300 अंडी, पूर्ण नागपूर डिलिव्हरी'. फोटोत पिवळी धम्मक चार पिल्लं. आमचं मानेवाड्याला छोटं रो हाऊस आहे, मागे दहा बाय बाराचं अंगण. म्हटलं चला.

आता ह्यातच पहिली गोम होती आणि ती मला कळायला तीन आठवडे लागले. खाकी कॅम्पबेलची पिल्लं अशी लिंबासारखी पिवळी नसतातच, ती मळकट तपकिरी असतात. पिवळी म्हणजे बहुतेक पेकिन, पांढरी होणारी, मांसासाठी पाळतात ती. 300 अंडी ही कॅम्पबेलची ख्याती, आणि फोटो दुसऱ्याच जातीचा.

माणूस घरी नाही आला. रिंग रोडला सिग्नलपाशी बोलावलं, संध्याकाळी सात वाजता, भुरभुर पाऊस, अॅक्टिव्हाच्या पुढे भोकं पाडलेलं खोकं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये दाखवली पिल्लं. बोलायला इतका गोड की बाप्पा! "ताई, पंधरा दिवसाचे हायेत, आता काही टेन्शन नाही, बल्ब-बिल्ब काही लावा लागत नाही. तीन माद्या, एक नर, गॅरंटी." चार पिल्लांचे 600. आणि मग तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, "पण एक सांगतो, कोंबडीचा दाणा नका देऊ बरं ताई. बदकाले बदकाचाच दाणा लागते, नाही तं पाय वाकडे होतेत."

मी आदल्या रात्री मोबाईलवर वाचत बसले होते आणि हे अगदी हेच मी वाचलं होतं! माझा विश्वास बसला तो इथे. कारण गोष्ट खरी आहे. बदकाच्या पिल्लांना नायासिन म्हणजे बी-3 जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर दाण्यात साधारण 55 मिलिग्रॅम, ते कमी पडलं की पायाचे सांधे सुजतात, पाय धनुष्यासारखे होतात, पिल्लू घोट्यावर बसून चालतं. म्हणजे बोलला ते शंभर टक्के खरं आणि ते खरं बोलून त्याने मला कोंबडीचाच दाणा विकला, बदकाचा फोटो चिकटवलेल्या पिशवीत. पाच किलो, 700 रुपये. वर एक टॉनिकची बाटली 180. बिल मागितलं तर म्हणाला ताई घरगुती धंदा आहे, बिल कायचं. फोनवरून पैसे टाकले आणि घरी आले.

पिशवी बघायला छान होती, चकचकीत. पण त्यावर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, बनवल्याची तारीख नाही, किती टक्के प्रोटीन ते नाही. फक्त बदक आणि इंग्रजीत 'प्रीमियम'. हे मी तेव्हा पाहिलंच नाही, लेक पिल्लांची नावं ठेवत होती त्यात सगळे गुंग. संत्रा, बर्फी, मोगरा आणि ढब्बू. निळ्या टोपल्यात चौघांना ठेवून फोटो काढला आणि मी शहाणीने तो फोटो त्या माणसालाच पाठवला, 'पोचलो दादा, खूप गोड आहेत' म्हणून.

सासूबाई मूळच्या पवनीच्या, भंडारा जिल्ह्यातल्या, घरी गाई-बैल होते. पिशवी उघडली तसं त्यांनी मूठभर दाणा घेऊन नाकाशी नेला. "हे कुबट येऊन राहिलं ना. बुरसलेल्या ढेपेचा वास आहे हा. असली ढेप आम्ही बैलालेही नाही टाकत होतो." (ढेप म्हणजे गुरांची पेंड.) आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, आई, त्यात मासळीचा चुरा असतो म्हणून तसा वास येतो. हे मला त्यानेच सांगितलेलं, मी विचारायच्या आधीच! आता वाटतं, वासाबद्दल आपण न विचारताच कोणी खुलासा करतो म्हणजे काय ते समजून घ्यायला पाहिजे होतं. आई काही बोलल्या नाहीत, हात धुऊन आत गेल्या.

दोन-तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी बर्फी वाटीपाशी येईना, कोपऱ्यात डोळे अर्धे मिटून बसली. पाचव्या दिवशी सकाळी गेली. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "पाण्यात सोडलं असन तुम्ही, गारठलं असन." आम्ही खरंच पोरीच्या हट्टापायी टबात पाच मिनिटं सोडली होती, त्यामुळे मी गप्पच झाले, अपराधीच वाटलं. तो म्हणे लिव्हर टॉनिक पाठवतो, बाकीचे वाचतीन, 350. आणि मी पाठवले! लिव्हर का, हा प्रश्न मला सुचला नाही. सर्दी झाली म्हणतोस तर लिव्हरचं औषध कायले देतो रे बाबा? आता मला पक्कं वाटतं की त्याला ठाऊक होतं दाण्यात काय आहे ते.

सातव्या रात्री ढब्बू. ते मी नीट सांगू शकत नाही, पण सांगते कारण कोणाच्या घरी असं झालं तर ओळखता यावं. त्याच्या पायाचे पडदे नारिंगी असायचे ते जांभळट दिसायला लागले, उभं राहिलं की तोल जायचा, मग आडवं पडून पाय सायकल मारल्यासारखे हलवायला लागला आणि मान मागे मागे जाऊन डोकं पाठीला टेकलं. ओढणीत घेऊन बसले होते. दोन वाजता शांत झाला.

सकाळी ह्यांनी ऑफिसला दांडी मारली आणि आम्ही सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात गेलो, मेलेला ढब्बू बर्फाच्या डब्यात आणि जिवंत दोघं खोक्यात. (मेलेलं पिल्लू दाखवायला न्यायचं असेल तर फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठलं की आतलं नीट दिसत नाही, नुसतं बर्फावर ठेवा आणि लवकर न्या.) डॉक्टरांचा पहिला प्रश्न, दाणा आणला का? नव्हता आणला. हे परत मानेवाड्याला जाऊन पिशवी घेऊन आले. डॉक्टरांनी पिशवीच्या तळातला एक गठ्ठा काढून दोन बोटांनी फोडला तर आत मऊ, राखाडी-हिरवट जाळं. कापसासारखं. मी आठवडाभर वरवरचा दाणा घेत होते आणि खाली हे.

ढब्बूला उघडून बघितलं तर लिव्हर फिकट आणि सुजलेलं. डॉक्टर म्हणाले, लॅबमध्ये तपासल्याशिवाय शंभर टक्के नाही म्हणता येत, पण लिव्हर आणि दाणा दोघं एकच गोष्ट सांगून राहिले आहेत. अफ्लाटॉक्सिन. मका, शेंगदाण्याची ढेप ओलसर राहिली की जी बुरशी धरते तिचं विष. 1960 साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी असेच पटापट मेले होते, कारण सापडेना, शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ही बुरशी निघाली आणि तिथून हे विष जगाला कळलं. आणि ज्याने मी गार पडले ते हे, की बदकाचं पिल्लू ह्या विषाला इतकं नाजूक असतं की पूर्वी धान्यात हे विष आहे का ते तपासायला एक दिवसाची बदकाची पिल्लंच वापरायचे. म्हणजे कोंबडीची पिल्लं ज्या दाण्यावर कशीबशी तगतील त्यावर बदकं जातात.

मग डॉक्टरांनी मोगराची चोच वर करून दाखवली. टोकाला पांढरा ठिपका होता, खसखशीएवढा. अंडं आतून फोडायचा दात तो, बाहेर आल्यावर थोड्या दिवसांत गळून पडतो. त्या दिवशीही तो होता! म्हणजे माझ्या हातात दिली तेव्हा ती फार तर दोन दिवसांची असणार. मला एकदम आठवलं, पहिल्याच रात्री लेकीने हौसेने किचनच्या काट्यावर वाटी ठेवून संत्राला तोललं होतं, 58 ग्रॅम. डॉक्टर हसले, म्हणे पेकिन पंधरा दिवसांचं असलं तर अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, तळहातावर मावत नाही. उत्तर घरात लिहून होतं, लेकीच्या वहीत, खाली चांदणी काढून.

वय वाढवून का सांगतात तेही कळलं. दोन दिवसांच्या पिल्लाला पहिला आठवडा 32-33 डिग्री ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. नवीन माणूस हे ऐकून मागे फिरतो. पंधरा दिवसांचं म्हटलं की गिऱ्हाईक पटकन घेतं. आणि नर-मादीची गॅरंटी तर निव्वळ थाप, एवढ्या पिल्लाचं वरून बघून कळतच नाही, दीडेक महिन्यानंतर आवाजावरून कळतं, मादी जोरात क्वॅक करते आणि नराचा आवाज घसा बसल्यासारखा.

तिथून येताना एका पोल्ट्रीच्या दुकानात थांबलो, दाण्याचा नमुना दाखवला. दुकानदाराने बघितल्या बघितल्या सांगितलं, ब्रॉयलरचा प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचा पहिला दाणा) आहे आणि भिजलेल्या पोत्यातला आहे. पावसात खालच्या थराची पोती भिजतात, ती कंपनीला परत जातात नाहीतर कोणीतरी मातीमोल भावात उचलून नेतं, वाळवून पिशव्या भरतं. किलोला 140 देऊन आले मी ते! एक पोतं वाळवलं की पन्नास किलो म्हणजे सात हजार. पिल्लं त्याच्यासाठी नुसतं निमित्त, कमाई दाण्यात आहे. पिल्लं मेली तर टॉनिक विकतो, टॉनिकने नाही वाचली तर नवीन पिल्लं. मलाही ढब्बू गेल्यावर 'दोन घ्या, हाफ रेटमध्ये देतो' असा मेसेज आला होता. दाण्याचा फोटो टाकून जाब विचारला तर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाईनचा 1915 नंबर आहे, पण बिल नाही, नाव नाही, पत्ता नाही, तक्रारीत लिहू काय? पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या मारबतीच्या मिरवणुकीत ह्याचा एक बडग्या (वाईटाचा पुतळा, मिरवून जाळतात तो) निघायला पाहिजे एवढंच.

संत्रा आणि मोगरा वाचले. त्याच दिवशी जुना दाणा बंद, नवीन सीलबंद पोत्यातला, तारीख बघून, औषध न मिसळलेला स्टार्टर घेतला, कारण कोंबडीच्या दाण्यात कधीकधी औषध घातलेलं असतं आणि बदकं जास्त खातात तर डोस जास्त जातो. प्रोटीन 20 टक्क्यांच्या आसपासचा, तीन आठवड्यांनी कमी केला, फार प्रोटीन झालं तर पंख बाहेरच्या बाजूला वळून तसेच राहतात म्हणे. नायासिनसाठी दाण्यावर ब्रुअर्स यीस्ट भुरभुरायचं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं (पाववालं यीस्ट नाही, ते वेगळं). उकडलेले मटार चिरडून, त्यावर दोघं तुटून पडतात. दाणा थोडाच आणायचा, महिनाभराचा नाही, कोरड्या डब्यात, आणि रोज नाकाशी न्यायचा. हे काम आता आईंकडे आहे, मी सांगितलं नाही, त्यांनीच घेतलं.

बाकी चुका आमच्या आमच्या. आधी पेपर अंथरला होता, त्यावर पाय घसरून फाकतात, आता गोणपाट. पाण्याची वाटी चोचीची भोकं बुडतील एवढी खोल, पण तळाशी गोटे टाकून, आणि दाण्याजवळ पाणी हवंच नाहीतर कोरडा दाणा घशात अडकतो. पहिले काही आठवडे पोहणं नाही, आई नसली की त्यांच्या पिसांना तेल लागत नाही, भिजून गारठतात, म्हणजे ह्या बाबतीत तो माणूस खोटं बोलला नव्हता. पिवळा बल्ब एका बाजूला, सगळे खाली गोळा झाले तर थंडी, लांब जाऊन चोच उघडून बसले तर गरम. शेजारच्या पोट्ट्यांनी एकदा तर्री-पोहे टाकले होते, त्यावर मात्र मी अंगणात जाऊन ओरडले.

संत्राचे पाय वाकायला लागले होते, ते तीन आठवड्यांत सरळ झाले. आवाज फाटका आहे, म्हणजे नर. मोगराचं अजून नक्की नाही, आई म्हणतात तोही नरच आहे.

परवा भावजयीने तिच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला, नवीन नंबर, 'आमचे समाधानी ग्राहक'. फोटोत आमचं निळं टोपलं, मागे आमच्या किचनची फरशी, आणि टोपल्यात चौघं. बर्फी पुढेच आहे, कॅमेऱ्याकडे बघून राहिली. मी भावजयीच्या फोनवरून त्याला विचारलं, दादा, पिल्लांचं वजन किती?

दोन मिनिटांत उत्तर आलं, "पंधरा दिवसाचे हायेत ताई."