दोन खोल्यांच्या घरात काय आंबवावे? आंबील, कांजी, कोंबुचा आणि आल्याची बिअर

नागपुरातील लहान घरात स्वतः बिअर तयार करावी का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते आधीच सांगून टाकणे बरे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणे हा गुन्हा आहे, आणि बिअर स्वतःपुरती पाच लिटर केली तरी ती त्यातून सुटत नाही. कायद्याचा अडसर नसता तरी आपल्या हवेने तेच उत्तर दिले असते. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला नीट काम करते, लागरला तर ८ ते १३ अंश लागतात, आणि हे तापमान दोन-तीन आठवडे टिकवावे लागते. मे महिन्यात जिथे बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तिथे केवळ या कामासाठी वेगळा फ्रीज ठेवल्याशिवाय हे जमत नाही. जास्त उष्णतेत यीस्ट जे जड मद्यार्क तयार करते त्याची झोंबरी चव नंतर कशानेही जात नाही.

परंतु आंबवण्याची जी खरी ओढ असते, म्हणजे साध्या पाण्या-पिठाला किंवा फळा-मुळाला आपल्या डोळ्यांसमोर वेगळी चव येताना पाहण्याची, ती भागवायला बिअरच हवी असे नाही. मी गेली काही वर्षे सर्वांत वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात चार पेये करत आलो आहे : ज्वारीची आंबील, गाजराची कांजी, गोड चहा आंबवून होणारा कोंबुचा आणि आल्याची बिअर, जिला बाजारात जिंजर बिअर म्हणतात. यांपैकी आपण कोणते करावे हे ठरवताना बहुतेक जण चवीचा विचार आधी करतात. माझ्या मते तो शेवटी करावा. आधी आपल्या घरातील ऊन, फ्रीजमधील मोकळी जागा आणि घरात कोण कोण ते पिणार आहे, हे पाहावे.

धान्यापासून होत असल्यामुळे आंबील बिअरला सर्वांत जवळची म्हणता येईल, मात्र दोघींची वाट पहिल्याच पायरीला फुटते. बिअरसाठी जव मोड आणून वाळवतात, त्यामुळे त्यात तयार झालेली विकरे (एन्झाइम) पिठुळाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतात आणि ती साखर यीस्ट खाते. आंबिलीत पिठुळाला कोणी फारसा हात लावत नाही. पिठात आणि ताकात असलेले जिवाणू उपलब्ध थोड्याशा साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि तिथेच थांबतात. एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या आंबट ताकात रात्री कालवून ठेवावे, सकाळी ते चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात गाठी होऊ न देता सोडावे, शिजवून निवू द्यावे आणि मग ताक, मीठ, जिरेपूड व ठेचलेला लसूण घालावा. हिवाळ्यात पीठ आंबायला दहा-बारा तास लागतात, मे महिन्यात पाच-सहा तास पुरतात. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील असते, त्यामुळे घरातील ज्येष्ठांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. उलट किती आंबट झाली की शिजवायची, हे त्यांच्याकडूनच शिकून घ्यावे. हिला स्वतंत्र भांडे नको, कायमची जागा नको, आणि मद्यार्काचा प्रश्नच येत नाही. उणीव एकच, की ती त्याच दिवशी संपवावी लागते.

कांजी मूळची उत्तर भारतातील, तिथल्या काळ्या गाजरांची. आपल्याकडे काळी गाजरे क्वचित दिसतात, पण लाल गाजरे आणि एक लहान बीट घेतले की रंग आणि चव दोन्ही पुरेशी येतात. दोन लिटर पाण्याला अर्धा किलो गाजराचे बोटाएवढे तुकडे, ३० ते ३५ ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे ताजी कुटलेली राई, इतकेच साहित्य. डिसेंबरमध्ये काचेची बरणी कापड बांधून गॅलरीच्या उन्हात ठेवली की दुसऱ्या दिवशी केवळ राईचा उग्र वास येतो. तिसऱ्या दिवशी लाकडी चमच्याने ढवळताना काठाशी बारीक बुडबुडे जमतात, आणि चौथ्या दिवशी चव घेतली तर राईची झणझण तीच असते, पण तिच्याखाली स्वच्छ आंबटपणा आलेला असतो. तेव्हा ती गाळून फ्रीजमध्ये ठेवावी. ऊन कमी-जास्त झाले तर एखादा दिवस पुढे-मागे होतो. हीच कांजी मी एकदा मे महिन्यात केली होती. दीड दिवसात पाणी आंबले, पण तुकडे मऊ पडले आणि वरच्या पाण्याला पांढरी साय आली. तेव्हापासून होळीनंतर मी कांजी करत नाही, आणि गाजरेही तेव्हा तशी राहत नाहीत.

कोंबुचाचा गुण असा की तो एकदा बसला की वर्षभर चालतो, आणि दोषही नेमका तोच आहे. एक लिटर चहाला ६० ते ७० ग्रॅम साखर, तो पूर्ण निवल्यावर त्यात आधीच्या कोंबुचाचे किमान १०० मिलिलिटर आंबट पाणी आणि वर ती जिवाणू व यीस्ट यांची जाडसर साय, जिला करणारे ‘आई’ म्हणतात. त्याला २४ ते ३० अंश मानवतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत आठ-दहा दिवसांत गोड-आंबट तोल साधतो. एप्रिलपासून पाचव्या दिवशीच तो व्हिनेगरकडे झुकतो. पावसाळ्यात बुरशीची भीती असते. सायीवर हिरवे, काळे किंवा केसाळ ठिपके दिसले तर वरचा थर काढून उरलेले पिण्याचा मोह धरू नये, सगळेच टाकून द्यावे. तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये, कारण आम्लात धातू उतरतो. हवा लागते म्हणून झाकण चालत नाही, आणि विरळ कापडातून चिलटे आत जातात, म्हणून घट्ट विणीचा सुती रुमाल बांधावा. ज्यांच्या ओट्यावर तीन लिटरची बरणी बारा महिने हलवल्याविना राहू शकेल, त्यांनीच याच्या वाटेला जावे.

आल्याच्या बिअरविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बिअर करायची इच्छा असलेला माणूस तिच्याकडेच आधी वळतो. ही अठराव्या शतकातील इंग्लंडची. तिच्या विरजणात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात हे हॅरी मार्शल वॉर्ड या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवून दिले. घरी ते विरजण सालासकट किसलेले आले, साखर आणि पाणी यांतून होते. रोज एक-एक चमचा आले व साखर घालत गेले की साधारण आठवड्यात त्यावर फेस येऊ लागतो. पुढे आले-लिंबाच्या उकळून निववलेल्या गोड पाण्यात ते थोडे मिसळून बाटल्या भरायच्या.

इथे जो हिशोब करावा लागतो तो सहसा कोणी करत नाही. यीस्ट एक ग्रॅम साखर खाते तेव्हा जवळपास अर्धा ग्रॅम वायू आणि अर्धा ग्रॅम मद्यार्क तयार होतो. लिटरमागे १५ ग्रॅम साखर आंबली की बंद बाटलीत सोड्याइतका वायू साठतो, पण त्याच वेळी मद्यार्क एक टक्क्याच्या जवळ पोहोचतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त मद्यार्क असलेले पेय मद्ययुक्त मानले जाते, आणि दारूबंदी कायद्यातील दारूची व्याख्याही व्यापक आहे. म्हणजे भरपूर फसफसणारी आल्याची बिअर ही केवळ नावाचीच बिअर नव्हे. घरात लहान मुले असतील, कोणी गरोदर असेल, मद्यार्क वर्ज्य असलेले औषध कोणाला चालू असेल किंवा श्रद्धेने कोणी तो टाळत असेल, तर हे पेय त्यांच्यापुढे ठेवू नये.

दुसरा धोका बाटलीचा. पाककृतींत लिटरमागे सहज १०० ग्रॅम साखर असते. ती सगळी बंद बाटलीत आंबली तर सोड्याच्या सहा-सात पट वायू होतो आणि काच फुटते. म्हणून काचेची बाटली कधीही घेऊ नये. सोड्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यावी आणि तिच्या अंगावर अंगठा दाबत राहावे. डिसेंबरमध्ये माझी बाटली टणक व्हायला तीन दिवस लागले होते. मे महिन्यात सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी कामावरून परत येईपर्यंत दगडासारखी झाली होती आणि तिचा तळ फुगून ती उभी राहत नव्हती. आता मी बाटलीत फेस धरण्याचा आग्रहच सोडला आहे. आल्याचे पाणी उघड्या बरणीत एखादा दिवस जेमतेम आंबट होऊ देतो, फ्रीजमध्ये ठेवतो आणि पिताना पेल्यात निम्मा विकतचा सोडा घालतो. फेस मिळतो, मद्यार्क कमी राहतो आणि बाटलीची धास्ती उरत नाही.

जागेचा विचार करताना लोक बरणी कुठे ठेवायची याची चिंता करतात, पण बरणी एक वीत जागा घेते. खरी अडचण फ्रीजची. एकदारी १९० लिटरच्या फ्रीजमध्ये दूध, भाजी आणि भिजवलेले पीठ ठेवल्यावर दारात लिटरभराच्या दोन बाटल्यांपुरती जागा उरते, आणि तयार झालेली कांजी किंवा आल्याचे पाणी बाहेर राहिले की आंबतच जाते. तेव्हा एका वेळी दोन लिटरच्या वर काही करू नये. बरणी माळ्यावरही ठेवू नये, कारण वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा हीच घरातील सर्वांत तापणारी जागा असते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एक उपाय मात्र चांगला लागू पडतो : घमेल्यात चार बोटे पाणी घेऊन त्यात बरणी ठेवावी, तिच्याभोवती ओला पंचा गुंडाळून त्याचे टोक पाण्यात सोडावे आणि कुलरचा झोत अंगावर येईल असे घमेले ठेवावे. ज्या कारणाने माठातले पाणी गार होते त्याच कारणाने बरणीही खोलीपेक्षा काही अंश थंड राहते. जुलैत हवा दमट झाली की हा उपाय थांबतो. पाणी नळाचे असेल तर उकळून निववून घ्यावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते.

निवड करायची झाल्यास पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने उन्हाळ्यात आंबील आणि डिसेंबर-जानेवारीत कांजी करावी, असे मी सुचवेन. एक पूर्ण वर्ष असे गेल्यानंतर, म्हणजे आंबटपणा कुठे थांबवायचा हे जिभेला कळू लागल्यानंतर, कोंबुचाची ‘आई’ कोणाकडून तरी मागून आणावी; ती विकत घेण्याची गरज नसते, कारण दर खेपेला तिला नवा थर येतो आणि करणाऱ्याला तो कोणाला तरी द्यायचाच असतो. आल्याचे विरजण सर्वांत शेवटी.

एक प्रश्न आणखी विचारून पाहावा : लग्नसराईत किंवा दिवाळीत आठ दिवस गावी गेल्यावर घरात काय राहील? आंबिलीचे काही मागे राहत नाही. कांजी फ्रीजमध्ये निवांत थांबते. आल्याचे विरजण चमचाभर साखर घालून फ्रीजमध्ये ठेवले तर आठवडाभर तग धरते. कोंबुचा मात्र बंद घरात, मे महिन्यात, आपण परत येईपर्यंत पूर्ण व्हिनेगर झालेला असतो. पुढच्या खेपेचे विरजण म्हणून तो उत्तम असतो, पण पिण्याजोगा उरत नाही.